पासष्टावा दाणा

आमच्या दादाला जुन्या व्हिडिओ गेमबद्दल मत विचारू नये. विचारायचंच असेल, तर आधी जेवून घ्यावं आणि यायला उशीर होईल असं घरी कळवून ठेवावं. मी त्याची धाकटी बहीण, त्यामुळे मला ही मतं न विचारताच मिळत आली आहेत.

दादा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात आणि हा घराच्या तळमजल्यावर, प्लास्टरच्या धुळीत बसून, त्या मापाचे दात घडवतो. दात लावून माणूस बोलायला लागला की ते खोटे आहेत हे त्याच्या बायकोलाही कळू नये, असा याचा हात आहे. सहा वाजले की हा हात धुतो, दोन जिने चढतो आणि वरच्या खोलीत शिरतो. तिथे जुन्या गेमची एकोणीस यंत्रं आहेत, मागे भलंमोठं कुबड असलेले काचेचे तीन टीव्ही आहेत आणि भिंतभर कप्प्यांत गेमच्या कॅसेट. वहिनीचं शिवणाचं मशीन पूर्वी याच खोलीत होतं. ते सरकत सरकत आता गॅलरीत गेलं आहे. वहिनी पाहुण्यांना सांगते, "या घरातली सगळ्यात नवी वस्तू मीच."

दादाचं पहिलं मत असं की आजकालचे गेम सुरूच होत नाहीत. "आधी पाऊण तास डाउनलोड, मग अपडेट, मग तो विचारणार तुमचा जन्म कधीचा. आमच्या वेळी बटण दाबलं की तिसऱ्या सेकंदाला आपण मेलेले असायचो!" हे तो इतक्या अभिमानाने सांगतो की ऐकणाऱ्याला आपणही एकदा तसं मरून बघावं असं वाटतं. दुसरं मत, गेमने माणसाला हरवलंच पाहिजे. जो गेम प्रत्येकाला जिंकू देतो तो गेम नव्हे, ती खुशामत. तिसरं मत कॅसेटमध्ये फुंकर मारण्याबद्दल आहे. गेम चालला नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, हे आमच्या पिढीला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. दादाच्या मते हा गुन्हा आहे. फुंकरीबरोबर थुंकी उडते आणि थुंकीने आतला धातू गंजतो. तो स्वतः दातांचा बारीक ब्रश आणि स्पिरिट घेऊन एकेक कॅसेट साफ करतो. माझ्या नवऱ्याने एकदा भाबडेपणाने फुंकर मारली होती. तेव्हापासून त्याला त्या खोलीत दारापर्यंतच प्रवेश आहे.

पण दादाचं खरं वेड जतनाचं. प्रत्येक गेमच्या तो तीन प्रती करतो. एक त्याच्याकडे, एक मित्राकडे आणि एक माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली. आग लागली, चोरी झाली, पूर आला, तरी गेम वाचले पाहिजेत. आमचं काय व्हावं याचा विचार त्याने केलेला नाही.

महिन्यातून एका रविवारी त्याच्या खोलीत याच जातीचे आठ-दहा लोक जमतात. सगळ्यांना चाळिशीचे चष्मे. त्यांत एक ड्रॉइंग मास्तर आहेत. गेल्या वर्षी त्यांनी हौसेने एक जुना गेम दुरुस्त करून आणला. त्या गेममध्ये एका ठिकाणी नायक भिंतीत अडकायचा तो कायमचाच. मास्तरांनी ती भिंत सरळ केली होती. त्यांना वाटलं दादा पाठ थोपटेल. दादाने त्यांना फैलावर घेतलं.

"मास्तर, ती चूक ज्याने केली त्याची आहे. तुमची नाही. जुन्या फोटोत एखाद्याचे डोळे मिटलेले असले, तर तुम्ही वरून पेनाने उघडे काढाल का? जे जसं होतं ते तसंच ठेवायचं. चुकीसकट!"

मास्तर दोन महिने आले नाहीत. मग आले, तेही मूळ भिंत परत घालूनच.

आता मुद्द्यावर येते. दादाने स्वतःही एक गेम बनवला होता. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि मी अकरा. घरात एक कॉम्प्युटर आला होता, म्हणजे नुसता कीबोर्डच, टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम गाण्याच्या साध्या कॅसेटवर साठवायचे आणि टेपरेकॉर्डर लावून परत आत घ्यायचे. त्यावर दादाने चार महिने घालवून 'मुंगळा' लिहिला. एक मुंगळा बारा खोल्यांच्या घरात हिंडतो. साखरेचे चौसष्ट दाणे सांडलेले आहेत. पाय, झाडू आणि पाण्याचे थेंब चुकवत सगळे दाणे गोळा करायचे आणि शेवटच्या खोलीत वारुळाच्या दाराशी जायचं. दार उघडतं आणि आत जल्लोष होतो.

ती सगळी सुट्टी मी मुंगळा खेळले. वहीत बारा खोल्यांचे नकाशे काढले, दाण्यांना नंबर दिले. चौसष्ट दाणे घेऊन दाराशी गेले. दार उघडेना.

"दादा, झाले चौसष्ट. दार उघडत नाही."

त्याने पुस्तकातून मान वर करून पडद्यावरचा आकडाही पाहिला नाही. "मोजता येतं का तुला? एखादा राहिला असेल."

मी पुन्हा गेले. पुन्हा तेच. वहीत खुणा आहेत, एकूण तेवीस वेळा मी त्या दारापर्यंत पोचले. चोविसाव्यांदा मी कीबोर्ड बाजूला सारला आणि रडत आईकडे गेले. आईनेही विचारलं, नीट मोजलेस का.

पुढे घर बदलताना ती कॅसेट हरवली. तीन तीन प्रती करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या गेमची दुसरी प्रत ठेवली नव्हती. एक म्हणे शाळेतल्या मित्राला दिली होती, पण त्याचाही पत्ता नाही. गेम गेला आणि दंतकथा राहिली. "माझा मुंगळा आजवर एकालाही पूर्ण करता आलेला नाही," असं दादा पस्तीस वर्षं सांगत आला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावत आला. 'मोजता येतं का' हे आमच्या घरात माझ्या नावाला जोडलेलं शेपूट झालं. लग्नात नवऱ्याकडच्या मंडळींनाही ते कळलं. मी बस डेपोत वेळापत्रकं बनवते. एकशे चाळीस बस, तीन पाळ्या, आणि आजवर माझ्या हातून एकही फेरी चुकलेली नाही. तरी घरात कुणी वाट्या मोजत असलं आणि मी आले की हशा पिकतो. मीही हसते. पण खरं सांगते, मला ते दर वेळी लागायचं.

दोन महिन्यांपूर्वी तो शाळेतला मित्र सापडला. आता तो गुरांचा डॉक्टर आहे. माळा साफ करताना त्याला एक कॅसेट मिळाली, तिच्यावर दादाच्या अक्षरात 'मुंगळा'. नेमकं त्याच सुमारास आमच्या वाचनालयात जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन भरायचं होतं. वाचनालयाच्या बाई दादाकडे येऊन गेल्या होत्या. हौशी लोकांनी घरी बनवलेले गेम त्यांना मांडायचे होते आणि नंतर कायमचे जपून ठेवायचे होते. दादा जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागला.

रविवारी दुपारी त्याने मला बोलावलं. त्याने तोच जुना कॉम्प्युटर मांडला होता. टेपरेकॉर्डर सुरू झाला तसा खोलीत अशी किंचाळी उठली की वहिनीने खालचं दार लावून घेतलं. पहिल्यांदा प्रोग्रॅम आला नाही. दुसऱ्यांदाही नाही. दादाने दात कोरायचं एक बारीक हत्यार घेतलं, टेपरेकॉर्डरमधला स्क्रू केसाएवढा फिरवला आणि आवाज थोडा कमी केला. तिसऱ्यांदा पडद्यावर मुंगळा उभा राहिला. दादाचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी लगेच कीबोर्ड ओढून घेतला.

"हळू! तो पस्तीस वर्षांचा आहे," दादा ओरडला.

"मी सेहेचाळीसची आहे," मी म्हटलं.

बोटांना सगळं आठवत होतं. झाडू कुठून येतो, नवव्या खोलीत थेंब किती अंतराने पडतो, सगळं. पाऊण तासाने मी दाराशी पोचले. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता चौसष्ट. दार बंद.

"एखादा राहि—" दादाने सुरुवात केली.

"आकडा वाच. मोठ्याने."

"चौसष्ट," दादा म्हणाला. मग त्याने गेम थांबवला, प्रोग्रॅमच्या ओळी पडद्यावर काढल्या आणि बोट फिरवत खाली खाली गेला. एका ओळीवर बोट थांबलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. दाणे चौसष्टपेक्षा जास्त झाले तर दार उघड, अशी ती अट होती.

"घरात दाणे किती आहेत?"

"चौसष्ट."

"मग पासष्टावा मी कुठून आणायचा होता? आईच्या डब्यातून?"

"अगं, 'जास्त किंवा बरोबर' असं लिहायचं होतं, एक बरोबरचं चिन्ह राहिलं..."

"तू स्वतः कधी पूर्ण केला होतास?"

"म्हणजे, शेवटची खोली तपासली होती ना. थेट तिथूनच सुरू व्हावं अशी एक ओळ घालायचो, दार उघडं ठेवायचो, जल्लोष बघायचो आणि ती ओळ काढून टाकायचो."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही नाही?"

"वेळ कुठे होता? गेम बनवत होतो मी!"

मला हसावं की त्याच्या डोक्यात टेपरेकॉर्डर घालावा हे कळेना. तेवढ्यात त्याचा हात कीबोर्डकडे गेला.

"काय करतोस?"

"एक चिन्ह घालतो. दोन मिनिटांचं काम. शनिवारी प्रदर्शनाला सगळं गाव येणार आहे, त्यांच्यापुढे असा अर्धवट गेम ठेवू?"

"आणि चुकीसकट ठेवायचं त्याचं काय झालं?"

"ते दुसऱ्यांच्या गेमबद्दल. हा माझा आहे. ज्याने लिहिलं त्याला हक्क असतो!"

"ज्याने लिहिलं तो सतरा वर्षांचा होता. तू बावन्नचा आहेस."

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. "ड्रॉइंग मास्तरांना फोन लावू का?" तिने शांतपणे विचारलं. दादाने तिच्याकडे असं पाहिलं की तिने चहाचे कप परत नेले.

मग मी मनातलं बोलून टाकलं. "दादा, तू ते चिन्ह घातलंस की मुंगळा चौसष्ट दाण्यांनी आत जाईल. बरोबर? शनिवारी लोक खेळतील, दार उघडेल. आणि म्हणतील, एवढा सोपा गेम हिला तेवीस वेळा कसा जमला नाही. माझी ती सुट्टी कुठेच राहणार नाही. तुला काय हवं ते कर." आणि चप्पल घालून निघाले. जिन्यात मला वाटलं तो हाक मारेल. मारली नाही.

आठवडाभर फोन नाही. मीही केला नाही. डेपोत माझी चिडचिड इतकी वाढली की ड्रायव्हर लोक माझ्या टेबलासमोरून जायचं टाळू लागले. नवऱ्याने समजूत घालायचा प्रयत्न केला, "एका मुंगळ्यासाठी किती..." आणि माझा चेहरा बघून वाक्य गिळलं.

शनिवारी मी गेले. जायचं नाही असं ठरवून गेले. वाचनालयाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, दादाच्या टेबलापुढे रांग होती. तो दूर, खिडकीपाशी वाचनालयाच्या बाईंशी बोलत होता. टेबलावर एक कार्ड उभं केलं होतं, पण पुढच्या माणसाच्या पाठीमुळे दिसत नव्हतं. माझी पाळी आली तशी मी बसले आणि आजूबाजूला न बघता खेळायला लागले. मागची माणसं आधी कुरकुरली, मग बघत उभी राहिली. नवव्या खोलीनंतर कुणी तरी 'वा' म्हटलं. चौसष्टावा दाणा उचलला. मुंगळा दाराशी नेला.

दार उघडलं नाही.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते सहानुभूतीने म्हणाले, "नाही जमलं वाटतं, ताई."

"तिला जमलंय," मागून दादाचा आवाज आला. "ते कार्ड वाचा."

गृहस्थांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं. "या गेममधलं शेवटचं दार उघडत नाही. गेम कठीण आहे म्हणून नव्हे, माझ्या चुकीमुळे. माझ्या बहिणीने अकराव्या वर्षी तेवीस वेळा सगळे दाणे गोळा केले होते आणि मला तसं सांगितलंही होतं. मी तिचं ऐकलं नाही."

मला सगळ्यांसमोर रडू आलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच मला त्या अकरा वर्षांच्या मुलीचा अभिमान वाटला. दादा माझ्याकडे न बघता, कुणीतरी हलवलेली टीव्हीची वायर नीट करत होता.

गृहस्थ मात्र सोडेनात. "अहो, पण एवढं कळलं होतं तर दुरुस्त का नाही केलंत?"

दादाने वायर खाली ठेवली. "केलं असतं," तो म्हणाला, "तर ही खोटी ठरली असती."