झाकणभर ऑईल

“मारुतीराया, ही पिकअप कापसाच्या सीझनभर चालू दे, दर शनिवारी तुला तेल वाहीन!” असा नवस मी एकदा बोलले होते. बोंडअळीनं आमचा अर्धा कापूस खाल्ला, त्या वर्षीची गोष्ट. गावाचा कापूस भाड्यानं मोताळ्याला जिनिंगवर पोचवायचा, एवढीच आशा उरली होती. आणि गाडी होती सेकंडहँड! म्हणून आमचे हे तिचं ऑईल स्वतःच, घरी अंगणात बदलायचे. तिथले ऑईलचे डाग अजून निघत नाहीत, आणि एकेका डागाचा एकेक किस्सा आहे.

*

पहिल्याच वेळी हे गाडीखाली शिरले आणि आतून ओरडले, “काही रुंद भांडं दे वं!” घाईत हाताला आली ती परात मी सरकवली. काळं ऑईल तिच्यात भदाभदा पडलं. ओसरीवरून सासूबाई किंचाळल्या, “अरे पोट्ट्या, पुरणाची परात हाये ते!”

गाडीखालून शांत आवाज आला, “पुरणच हाये, माय. जरासं करपलं!”

*

जुनं ऑईल काढलं की खालचा नट आधी बसवायचा असतो. ह्यांनी एकदा तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून नवं ऑईल ओतायला लागले. वरून धार, खालून धार! शेजारचे युसूफभाई गाद्या भरतात. ते कुंपणाशी उभं राहून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “दादा, ऑईल टाकून राह्यले का गाडीले अभिषेक करून राह्यले?”

घरात दुसरा डबा नव्हता. त्यात माझी संकष्टी. मी उपाशी आणि गाडीही रिकाम्या पोटी! सासूबाई म्हणाल्या, “तिनंबी चतुर्थी धरली काय?”

चंद्र निघाला आणि धामणगाव बढेहून ऑईलचा डबा घेऊन युसूफभाई दारात हजर. “भाभी, तुमचं ताट जरा थांबवा. पहिले इचा उपास सोडा!”

*

जुन्या ऑईलला आमच्या आळीत भारी मागणी. कुणाला खांबाच्या वाळवीसाठी हवं, कुणाला कुरकुरत्या दारासाठी. एकदा सासूबाईंनीच वाटी पुढे केली.

“कायले, माय?”

“गुडघे कुरकुर करते रे.”

“लाव. पण मंग दर पाच हजार किलोमीटरनं बदला लागन!”

सासूबाईंनी चप्पल शोधायला घेतली.

*

आमचे हे देवळाच्या वाटेनंसुद्धा जात नसत. “तुह्या नवसानं इंजिन चालते काय?” असं चिडवायचे. ऐन सीझनमध्ये इंजिन टकटक करायला लागलं. घरोघरी कापूस वेचून पडलेला. गाडी बंद पडली की लोक दुसऱ्याची गाडी बोलावणार, हे न बोलता दोघांनाही कळत होतं. ह्यांनी पुन्हा ऑईल बदललं. आणि नेमकी त्या शनिवारी मी तापानं अंथरुणात!

रविवारी जरा बरं वाटलं, तशी रुईची माळ घेऊन मी देवळात गेले. बघते तर मारुतीराया असा चमकतोय, की कधी नाही! पुजारीबुवा म्हणाले, “काल दादा येऊन गेले, वहिनी. तेल वाहिलं, हात जोडले. पण वास कायचा येऊन राह्यला, समजत नाही.”

मी देवाच्या पायाला बोट लावून हुंगलं. घरी आले. हे गाडीखाली होते, नुसते पाय बाहेर.

“अवो, मारुतीला काल कोणतं तेल वाहिलं?”

पाय हलायचे थांबले. आतून आवाज आला, “तू त्याले दर शनिवारी गोडंतेल वाहतं. गाडीले कोणतं लागते, हे त्याले कसं समजन?”

गाडी सीझनभर चालली. तुमच्याकडे गाडी असेल, तर पुढच्या वेळी ऑईल बदलताना झाकणभर त्याच्यासाठीही बाजूला काढा हो!