देवीला कुणी विचारलं?

रागाच्या बाबतीत आमच्या चुलत काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या महाड तालुक्यात झाला नाही. आम्हालाही राग येतो, पण तो फुसका. गाडी उशिरा आली की येतो आणि चहा पोटात गेला की जातो. काकांचा राग सकाळी दात घासताना सुरू व्हायचा तो अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत पुरायचा. बरं, स्वतःसाठी कधीच नाही. भावकीनं त्यांची आंब्याची झाडं लाटली तेव्हा हा माणूस हसला! पण गावातल्या जुन्या दगडाला कुणी पाय लावला की संपलंच. जन्म एस.टी.त कंडक्टरकीत गेलेला, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सावित्री नदीच्या अलीकडून ओरडले की पलीकडची कुत्री उठून बसायची. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर शिमग्याला मला कुणी दारात उभं करायचं नाही. तुडीलच्या अंगाला आहे, एवढं पुरे.

आमच्या पाणवठ्यावर एक वीरगळ आहे, कुठल्याशा लढाईत पडलेल्या आमच्याच पूर्वजाचा कोरीव दगड. त्यावर बायका खुशाल धुणं आपटायच्या. एक दिवस काका सकाळी त्या दगडाशी जाऊन बसले ते दुपारीच उठले. "गो, सासऱ्याच्या छातीवर लुगडी धुशील काय?" असं प्रत्येकीला विचारत होते. एक म्हातारी तेवढी ठसक्यात म्हणाली, "माझा सासरा जिता व्हता तवा कामाचा नव्हता, आता तरी व्हऊ दे." पण दुसऱ्या दिवसापासून धुणं शेजारच्या दगडावर गेलं. एका वर्षी तरुण मंडळानं देवळापुढची दगडी दीपमाळ गुलाबी ऑइलपेंटनं रंगवली. काकांनी वाळू आणि नारळाची शेंडी घेऊन महिनाभर ती घासली. पोरांनी पुन्हा रंगवली, काकांनी पुन्हा घासली. गावचा एक नवा जावई पहिल्यांदा जेवायला आला, तर काकांनी त्याला ओटीवर अडवून विचारलं, "कुठनं आलास?" तो म्हणाला, "रस्त्यानं." झालं! त्याला पुन्हा शिवेपर्यंत नेला, वाटेतल्या प्रत्येक शेताचं, बांधाचं, वळणाचं नाव पाठ करून घेतलं आणि मगच पाटावर बसू दिलं. तोवर वडे थंड झाले होते आणि सासूबाई गरम.

आम्ही या सगळ्याला हसायचो. गावाला हसायला एक माणूस लागतोच. पण देवळाचा विषय निघाला आणि हसणं संपलं.

आमची गावदेवी म्हणजे नुसता तांदळा. खडबडीत दगड, ना नाक ना डोळे, वर पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या अध्यक्षांना ती 'प्रेझेंटेबल' वाटेना. त्यांनी प्लास्टिकच्या कव्हरमधून नकाशा आणला. वर स्लॅब, भिंतींना चकचकीत टाइल्स, आत राजस्थानातून आणलेली संगमरवरी मूर्ती, आणि जुन्या देवीचं नदीच्या डोहात विसर्जन. काका ताडकन उठले. "देऊल हाय का न्हानीघर? आनि तिला इचारलात काय?"

आता हे नीट ऐका, कारण माझं डोकं इथे फिरतं. आमच्या गावात देवीला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. फुलाच्या ओल्या पाकळ्या गुरव देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. बैल विकायचा, कौल लावा. पोरगी द्यायची, कौल लावा. अहो, बोअरवेल कुठे मारायची तेही आम्ही तिलाच विचारलं! आणि तिला स्वतःच्या घरातून बाहेर काढायचं ठरलं, तेव्हा अध्यक्ष काय म्हणाले? "काका, तिच्यासाठीच तर करतोय. तिला सरप्राइज द्यायचंय."

सरप्राइज! देवीला! आणि गाव माना डोलावतंय! लाज कशी वाटली नाही एकेकाला?

मग मत घेतलं. कुणाचा विरोध आहे, हात वर करा. देवळाच्या चौथऱ्यावर दीडएकशे माणसं बसली होती. एकच हात वर गेला आणि बराच वेळ वरच राहिला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "काका, दुखेल हात. खाली घ्या." लोक हसले. आठवड्याभरात ढोल वाजवत देवीला डोहात सोडली. काका आले नाहीत.

नव्या देवळातला पहिला शिमगा आला. पालखी आधी कुठल्या वाडीत न्यायची यावर वरच्या आणि खालच्या वाडीची दरवर्षी जुंपते, आणि कौल लागला की मिटते. गुरवानं पाकळ्या भिजवल्या, नव्या मूर्तीला लावल्या. दोन्ही सुळ्ळकन घसरून पायाशी. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. आरशासारखा संगमरवर तो, त्याला पाकळी धरणार कशी? कुणीतरी म्हणालं, "गुरवदादा, जरा डिंक लावून बघा." गुरव घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "डिंक लावल्यावर देवी बोलंल व्हय? डिंकच बोलंल." सगळ्या गावाच्या माना दाराकडे वळल्या. दारात काका उभे होते. आता हा माणूस आपली सालटी काढणार, म्हणून आम्ही खाली बघत उभे राहिलो. त्यांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. आणि आम्ही शहाण्यांनी गावदेवीचा निर्णय छापा-काट्यावर लावला! त्यावरून झालेली मारामारी अजून पोलीस ठाण्यात चालू आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरलं तशी तीच तरुण मंडळी जुनी देवी शोधायला डोहात उतरली. तांदळ्यासारखे बारा दगड वर आले. शेंदूर पाण्यानं धुऊन गेलेला, आता त्यातली देवी कुठली? काकांना बोलावलं. ते प्रत्येक दगडावरून आंधळ्यासारखा हात फिरवत राहिले. "नाय रे वळखू येत," एवढंच म्हणाले, आणि बाराही दगड परत पाण्यात सोडायला लावले.

त्या दिवसापासून काकांचा राग गेला. पोरांनी दीपमाळ परत गुलाबी केली, तरी काका तिच्या बाजूनं नुसते चालत जातात. मला ते बघवत नाही. परवा मी शिकवतो त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून महाडहून गावी गेलो, तर काका डोहाच्या काठावर बसलेले दिसले. हातात झेंडूचं फूल होतं. एकेक पाकळी पाण्यावर सोडत होते.

"काय विचारताय तिला?" मी म्हटलं.

"तुजा राग गेला काय, इतकंच."

"मग काय म्हणते?"

"वाहत्या पान्यात कसला कौल?" ते म्हणाले. पाकळ्या एकापाठोपाठ एक वळणाकडे निघून गेल्या.

मग मला राहवलं नाही. मीटिंगच्या आदल्या दिवशी यांच्याच ओटीवर बसून मी छातीठोकपणे म्हणालो होतो, 'काका, उद्या मी आहे तुमच्या बाजूनं.' आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या ओळखीनं माझ्या मुलाचं मुंबईत काम होणार होतं, म्हणून दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो होतो. हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं. म्हटलं, आता तरी ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ठावं हाय," काका म्हणाले. "हात वर करून मी तुज्याकडंच बघत व्हतो."

मग ते जरा सरकले आणि त्यांनी मला बसायला जागा केली.