धोंडीच्या अंगात रेनकोट

चहा घ्या, पण घोट जरा जपून घ्या बरं का. मागं ही फजिती ऐकताना एकाच्या नाकातून चहा आल्ता! वरून खोकत खोकत म्हणतो, "भानुशेठ, गावाचा पाऊस अडवणारा दुकानदार म्या पहिल्यांदाच बघितला."

हां, तो दुकानदार मीच. तीर्थपुरीत मेन रोडला आपलं कापडाचं दुकान हाय. शाळेचे ड्रेस, टॉवेल, बनियन, अन् दर्शनी फळीवर रेनकोट. जर्किन न्हाई हां, रेनकोट! घोट्यापर्यंत लांब, जाड रबराचा, डोक्याला टोपडं, अन् बटनं इतकी की लावता लावता पाऊस उघडून जावा. वडलांच्या काळात ह्याच्यासाठी घनसावंगीहून माणसं यायची.

आता असा रेनकोट घालतंय कोण, सांगा बरं? पोरांना जर्किन पाहिजे. चेन वर ओढली की झालं, ऊन असो का पाऊस. भिजायचं त्यांना काहीच वाटत न्हाई, फक्त मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गेला पाहिजे. शेतातली माणसं खताच्या गोणीची खोळ करून डोक्यावर घेतात. कॉलेजातल्या एका पोरीला मी मोठ्या हौसेनं रेनकोट घालून बघायला लावला. आरशात बघून ती म्हणते, "काका, ह्यात मी झाकून ठेवलेल्या ट्रॅक्टरसारखी दिसून राह्यले!" अन् गेली निघून.

आमची मंडळी, सुमन, तर हात धुऊन मागं लागली होती. तिला त्या फळीवर ब्लाऊजपीस मांडायचे होते.

"अहो, चार वर्षं झाली. एक तरी रेनकोट हलला का जागचा?"

"लोकांना चांगल्या मालाची कदर न्हाई राह्यली."

"बरं! पोळ्यापर्यंत एक, फक्त एक विकून दाखवा. न्हाई तर फळी माझी."

"मंजूर!"

बोलून तर बसलो. पण त्या साली पावसानं अशी ओढ दिली की रेनकोट सोडा, छत्रीसुद्धा कुणी विचारीना.

राहायला आम्ही तीर्थपुरीच्या शेजारी, आमच्या गावातच. गावातली कपाशी माना टाकायला लागली, तशी माणसं मारुतीच्या पारावर जमली अन् धोंडी काढायचं ठरलं. तुमच्याकडं असतं का हे? एकाच्या अंगाला लिंबाचा पाला बांधायचा, हलगी वाजवत त्याला दारोदार फिरवायचं, अन् घराघरातल्या बायांनी त्याच्यावर पाणी ओतायचं. धोंडी जेवढा चिंब, तेवढा पाऊस जास्त. पूर्वी पोरं हौसेनं धोंडी व्हायची. आता म्हणतात, कुणीतरी रील काढतं, मंग सोयरीक जुळत न्हाई.

"मंग व्हायचं कोणी?" माझा शेजारी दगडू म्हणाला. सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले.

अन् माझ्या डोक्यात उजेड पडला! अख्खं गाव माझ्यावर पाणी ओतणार. पाल्याखाली मी रेनकोट घातला, अन् शेवटी पारावर उभं राहून बटनं काढून आतला कोरडा पांढरा शर्ट दाखवला, तर? रेनकोट घ्यायला रांग लागंल रांग!

"मी होतो!" मी ताडकन उठलो.

सुलामावशी, गावातली सगळ्यात खमकी म्हातारी, एकटीच्या बळावर शेती करणारी, ती डोळे पुसत पुढं आली. माझ्या तोंडावरून हात फिरवला अन् कडाकडा बोटं मोडली. "धंद्याचा माणूस, पण गावासाठी बघा कसा उभा राह्यला!"

तुम्हाला म्हणून सांगतो, जरा लाज वाटली होती. जराच.

सकाळी दुकानाच्या माळ्यावरून एक रेनकोट काढून आणला. माळा पत्र्याखाली, अन् आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच हाय. घड्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की पावडर टाकून टाकून सोडवाव्या लागल्या. घालताना पाठीत चर्रर्र असा आवाज आला.

"काय फाटलं ओ?" सुमन आतून म्हणाली.

"काही न्हाई! अस्सल रबर हाय, आवाज करतंच!"

दगडूला सांगितलं, पाला मी घरीच बांधून येतो. निघाली धोंडी. पहिलं घर आमचंच. सुमननं चार वर्षांचा राग घागरीत भरून माझ्या डोक्यावर ओतला. अन् काय सांगू! आत एक थेंब न्हाई! दुसरं घर, कोरडा. तिसरं घर, कोरडा. मी तर पाल्यातल्या पाल्यात नाचायला लागलो. लोकांना वाटलं, अंगात आलं.

चौथ्या घरी मानेतून काहीतरी गार गार खाली उतरलं. घाम असंल, म्हणलं. सहाव्या घरी पाठ गेली. आठव्या घरी दोन्ही बाह्या भरल्या. खिशात पाणी साचून डुबुक डुबुक वाजायला लागलं. बनियन, चड्डी, सगळं खलास! लहानपणी विहिरीत पडलो होतो, तेव्हा एवढा भिजलो नव्हतो.

बेत तिथंच रद्द केला. गपचूप घरी जायचं, पाला सोडायचा, कुणाला पत्ता लागू द्यायचा न्हाई.

शेवटचं घर सुलामावशीचं. हापशाला पाणी कमी, म्हणून बिचारीनं दोन दिवस राखून एक हंडा भरून ठेवला होता. माझ्यापुढं हात जोडले. "भानुदासा, दुसऱ्यांदा लावलीय रे कपाशी. तिसऱ्यांदा लावायचं बळ न्हाई." अन् जीव खाऊन हंडा ओतला.

त्या माऱ्यानं कमरेची सुतळी तुटली. सगळा पाला खाली. अन् भर उन्हात मी उभा, नखशिखांत चकाकता रेनकोट घालून!

"हे काय रे, भान्या?"

आता शहाण्या माणसानं काय करावं? तोंड बंद ठेवावं. पण दुकानदाराची जीभ ती! मला कळायच्या आत सुटली.

"रेनकोट हाय, मावशी! अस्सल रबर! एक थेंब आत जाणार न्हाई, गॅरंटी!"

हलगी थांबली. 

"एक थेंब न्हाई?" मावशीनं रिकामा हंडा खाली टेकवला. "गावानं तोंडचं पाणी तुझ्यावर ओतलं, अन् तू आत कोरडा?"

"काढ ते आधी!" दगडू ओरडला.

काढू कसा? काढला तर ओला शर्ट दिसणार, अन् उद्या तीर्थपुरीभर बोभाटा, भानुशेठचा रेनकोट गळतो. दोन्ही हातांनी बटनं गच्च धरली. "न्हाई काढत!"

"बघा! कोरडा हाय म्हणून काढत न्हाई!"

मंग काय, मी पळालो. रेनकोटाचा घोळ वर धरून, नऊवारी सावरत पळावं तसा. सुमननं दार उघडलं अन् बघतच राह्यली.

"अहो, तुम्ही तर चिंब भिजलात!"

"हळू बोल! मी कोरडा हाय!"

त्या दिवसापासून जी गंमत सुरू झाली, विचारू नका. अंबडच्या अंगानं ढग आले अन् वळून गेले. दगडू म्हणाला, भानुशेठला बघून वळले. दुकानात गिऱ्हाईक येईना. लोक समोरूनच हात करून जायचे, "शेठ, बटनं काढा की आता!" तिसऱ्या दिवशी वडीगोद्रीहून सासऱ्यांचा फोन.

"जावईबापू, तुम्ही पाऊस बांधून ठेवला म्हणं?"

"कोण म्हणलं, मामा?"

"अख्खी वडीगोद्री म्हणून राह्यली. आमच्या वावराचं तरी काही बघा. घरचेच हाव आम्ही."

एवढं होऊनही मी गप्पच होतो. मालाची इज्जत म्हणून गप्प! पण चौथ्या दिवशी सुलामावशी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भानुदासा," ती खाली बघत म्हणाली, "मला काही कळत न्हाई रे. पण जीवाला लागून राह्यलं. माझा हंडा वायाच गेला का?"

ही म्हातारी चार दिवस एका हंड्यासाठी झुरून राह्यली, अन् मी एका फळीसाठी तोंड शिवून बसलो होतो! लाज वाटली मला. ह्या वेळी जरा न्हाई, चांगली वाटली.

तसाच उठलो. घरून आणून परत माळ्यावर टाकलेला तोच रेनकोट अंगात चढवला, सगळी बटनं लावली, टोपडं बांधलं, अन् भर बाजारात रस्त्यावर जाऊन उभा राह्यलो.

"सुमन, घागर आण!"

सुमन गल्ल्यावरून उठली, घागर आणून ओतली. अन् बघा मंडळी! पाणी मानेतून शिरलं, पाठीतून निघालं, दोन्ही कोपरांतून धारा, खालून ओघळ. मी बटनं काढली. शर्ट अंगाला चिकटलेला, खिशातलं पेन पोहून राह्यलेलं.

"मावशी, त्या दिवशी पण असाच भिजलो होतो! तुझ्या हंड्यातला थेंबसुद्धा बाहेर न्हाई राह्यला! लबाड बोललो मी. हा रेनकोट चाळणी हाय, चाळणी!"

अर्धी तीर्थपुरी जमली होती. मंग मावशीच हसली. अशी हसली, अशी हसली, की तिला पायरीवर धरून बसवावं लागलं. डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "म्हणजे बराबर भिजला होता मुडदा!"

अन् दोन दिवसांनी पाऊस आला हो! आता तो हवेनं आला, का गावाचा जीव निवला म्हणून आला, ते तुम्ही ठरवा. दगडू मात्र सांगत सुटला, भानुशेठ कबूल झाला म्हणून आला.

पहिल्या सरीला मी रस्त्यात सापडलो. दुकानापर्यंत पळत आलो अन् एक जर्किन ओढून अंगात घातलं. सुमन गल्ल्यावरून बघत होती. तिनं ब्लाऊजपीसचा गठ्ठा सोडायला घेतला.

पोळा उद्यावर आला होता, अन् तेवढ्यात सुलामावशी आली. म्हणाली, "भानुदासा, एक रेनकोट दे."

मी उडालोच! सुमनकडं बघितलं. छाती आपोआप फुगली. "कुणासाठी, मावशी?"

"मारुतीच्या देवळात ठेवायला. पुढच्या बारीला पावसानं ताण दिला तर धोंडीच्या अंगात घालू. वरून पडलेलं पाणी आत धरून ठेवतो, सारखा भिजत राहतो माणूस." मंग रेनकोट उजेडात धरून, मान वाकडी करून निरखत म्हणाली, "पण गळंल ना हा बराबर?"

"बिलकुल गळंल, मावशी! गॅरंटी!"

पंचवीस वर्षांच्या धंद्यात मी दिलेली ही पहिली खरी गॅरंटी.