दादाची कोरोला बिघडते तेव्हा

माझा थोरला भाऊ जन्मभर काच विकत आला. खिडक्यांची नव्हे, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांत लागते ती. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, लांब मानेचे चंबू. खोक्यांत भुसा भरायचा, खोकी मागच्या सीटवर रचायची आणि माल स्वतः नेऊन पोचवायचा. त्यामुळे त्याचं गाडी चालवणं म्हणजे झोपलेलं मूल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं. बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. धंदा बंद केला तरी त्याचा हात तसाच राहिला. मला बाजारात नेतानाही मागे काच ठेवल्यासारखा चालवायचा. मी म्हणायची, अरे दादा, मी काही फुटायची नाही.

गाडी टोयोटाची, कोरोला. एका डॉक्टरांकडून जुनी घेतलेली, पावसाळी ढगासारख्या रंगाची. घेतली तेव्हा वहिनींनी नाक मुरडलं होतं, कारण त्यांना कोरी करकरीत हवी होती. पण ही गाडी बिघडायचं नावच घेईना. तेल बदला, टायर बदला, की चालली. हळूहळू दादाला तिचा अभिमान वाटू लागला आणि पुढे त्या अभिमानाचं वेडच झालं. आमच्या ह्यांनी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली तेव्हा दादा कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकला नाही. शेवटी आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "रंग बरा आहे."

त्याच्या गाडीत जो कोणी बसेल त्याला कंपनीचा इतिहास ऐकावा लागे. मला तर पाठच झाला आहे. एका सुताराचा मुलगा. घरोघरी बायकांना हातमागावर राबताना त्याने लहानपणापासून पाहिलेलं. त्या कष्टांवर उपाय म्हणून त्याने नवे माग केले. त्यांतला एक असा की धागा तुटला तर माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जात नसे. पुढे त्याच्या मुलाने मोटारींचा ध्यास घेतला आणि मागांच्या कारखान्यातून गाड्यांचा कारखाना उभा राहिला. इथवर आलं की दादा आरशातून मागे बघायचा, ऐकणाऱ्याच्या तोंडावर कौतुक आहे ना, ते तपासायला.

हे सगळं रविवारी सकाळी बेकरीतही चाले. बेकरीच्या मागच्या बाजूला, भट्टीच्या उबेत एक लांब टेबल आहे. तिथे चौघं जमायचे. बेकरीवाले, एक दाताचे डॉक्टर, एक चित्रकला शिकवणारे मास्तर आणि दादा. चौघांकडे एकाच कंपनीची गाडी, हाच त्यांचा सोयरसंबंध. बेकरीवाल्यांचं म्हणणं, भर थंडीत पहाटे पाव पोचवायला निघालो की एका चावीत सुरू होते, बायकोसुद्धा इतक्या लवकर उठत नाही. डॉक्टर म्हणायचे, गाडी सज्जन आहे पण बेचव, उकडलेल्या बटाट्यासारखी. मास्तरांची तक्रार सीटची, कंबर धरते म्हणून. दादाने इतिहास काढला की डॉक्टर मुद्दाम खोडी काढत, की काचवाले, पहिल्यांदा अमेरिकेला गाड्या पाठवल्या तेव्हा त्या चढावर धापा टाकत होत्या, ते पण सांगा. दादा तेवढा भाग ऐकू न आल्यासारखा चहा ओतायचा. गाडीबद्दल वाकडा शब्द त्याने कधी काढला नाही आणि दुसऱ्याने काढलेला सोडलाही नाही.

आता वहिनींविषयी. वहिनी तशा मोजकं बोलणाऱ्या. पण मागची दोन वर्षं गाडीत बसल्या की त्यांच्या तोंडाला खंड नसे. "डावीकडून सायकल. पोरगं आहे. थांबलेल्या टेम्पोचं दार उघडतंय बघा. म्हातारी निघाली, जाऊ द्या तिला. आता मोकळं आहे." आम्ही मागे बसून हसायचो. आमचे हे म्हणायचे, वहिनी, क्रिकेटची कॉमेंट्री करायला तुम्हालाच बोलवायला हवं होतं. पूर्वी गाडीत कोणी जास्त बोललं तर दादाच्या कपाळाला आठी पडायची. पण वहिनींच्या या कटकटीवर तो चकार शब्द काढत नसे. मला वाटलं, वयाने माणूस निवळतो. देवाने उतारवयात दोघांना एकमेकांचं ऐकायची बुद्धी दिली, असं समजून मी मनातल्या मनात हातही जोडले होते.

मग वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरू नका, हळूहळू परत येईल, तोवर घशाला ताण नको. वहिनी घरी आल्या आणि त्याच दिवशी दादाची गाडी कापडाखाली गेली. विचारलं तर म्हणाला, "बिघडली." काय बिघडलं? "गिअरचा आवाज येतोय. आता वय झालं तिचं."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांच्या हातातला पेपर खाली आला. दादाच्या तोंडून बिघडली हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

बेकरीच्या टेबलावर तर सुतकच पसरलं. मास्तरांनी ओळखीच्या भंगारवाल्याकडून जुना गिअरबॉक्स मिळवायची तयारी दाखवली. बेकरीवाले आपल्या मेकॅनिकला दादाच्या दारात घेऊन आले. मेकॅनिकने गाडी काढली, चार गल्ल्या फिरवून आणली, बॉनेट उघडून आत कान लावला आणि हात पुसत म्हणाला, काका, गाडी ठणठणीत आहे. दादा म्हणाला, तुला नाही ऐकू येत, मला येतो. सोबत आलेल्या दाताच्या डॉक्टरांनी संधी सोडली नाही. म्हणाले, शेवटी तुमच्या लाडक्या कोरोलानेही नाटकं सुरू केली म्हणायची, काचवाले. दादा खाली मान घालून म्हणाला, "हो, कोणाचा भरवसा नाही."

त्या वेळी मी वहिनींसाठी पेज घेऊन आले होते आणि दारातल्या ओट्याजवळ उभी होते. त्याची ती खाली गेलेली मान मला घरी गेल्यावरही सतावत राहिली. संध्याकाळी देवापुढे बसले तरी मन एका जागी ठरेना. जो माणूस गाडीसाठी सख्ख्या बहिणीच्या घरी यायचा थांबला, तो टोमणा इतका निमूट का गिळतो?

कोडं सुटलं ते वहिनींना तपासायला नेलं त्या दिवशी. गाडी आमची, चालवायला हे, त्यांच्याशेजारी दादा, मागे वहिनी आणि मी. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. वळणावर एक सायकलवाला डावीकडून आला आणि मी पाहिलं, वहिनींचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. "सायकल." पुढे एक बाई मुलाचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. पुन्हा ओठ हलले आणि मांडीवरचं बोट उठलं. टेम्पो दिसला, तेव्हाही तेच. गाडी दुसऱ्याची, चालवणारा दुसरा, समोर डोळे धडधाकट असलेला माणूस. तरी वहिनींचा जीव एकेका खांबामागून कोण निघतंय यावर टांगलेला. घामाने त्यांच्या वरच्या ओठावर थेंब जमले होते.

दवाखान्याच्या बाकावर मी त्यांच्या कानाशी लागले. म्हटलं, वहिनी, दादाला दिसत नाही का?

त्यांनी पदराने ओठावरचा घाम टिपला. मग कुजबुजल्या. काचबिंदू. समोरचं सगळं दिसतं, पेपर वाचतो, सुईत दोरा ओवून देतो, म्हणून कोणाला शंका नाही. कडेचं मात्र गेलं आहे. औषधाने आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली त्या दिवशी दोघं गाडीतच घरी आले आणि रस्ताभर वहिनी बोलत राहिल्या. तिथून ते सुरू झालं. "आवाज आला की पुन्हा सुरू करू," त्या म्हणाल्या. "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. कोणाला सांगू नका."

मी सांगणार नाही म्हटलं नाही आणि सांगेन असंही म्हटलं नाही. घरी आल्यावर ह्यांच्यापाशीही बोलले नाही. रस्त्याच्या कडेला उभी असलेली ती बाई आणि तिचं मूल मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. देवाकडे मी सहसा काही मागत नाही. त्या रात्री एवढंच म्हटलं, की वहिनींचा आवाज येऊ दे, पण त्याआधी मला बोलायचं बळ दे.

दुसऱ्याच दिवशी पाव आणायला गेले तर बेकरीवाले गाडीची आतली सफाई करत होते. विकतोय म्हणाले. काचवाल्यांची बसली, माझी तर तिच्याच वयाची आहे, रस्त्यात दगा देण्याआधी काढून टाकलेली बरी. घेणारा रविवारी संध्याकाळी येणार होता आणि किंमत ऐकून मलाच वाईट वाटलं.

पावाची पिशवी घेऊन मी तशीच दादाकडे गेले. तो कापड बाजूला करून गाडीची काच पुसत होता. मी म्हटलं, "दादा, बेकरीवाले गाडी विकतायत. तुझ्या शब्दावर."

त्याचा हात थांबला. "त्याच्या गाडीला काय धाड भरली आहे?"

"तुझ्या गाडीला तरी काय धाड भरली आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी समोर उभी होते, म्हणजे त्याला नीट दिसत होते. वहिनींनी सांगितलं हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. धागा तुटल्यावर थांबणाऱ्या मागाची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती, पण त्याचीच गोष्ट त्याला ऐकवणं म्हणजे जखमेवर प्रवचन.

"ती एकदाही चुकली नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

"आणि त्यांना ठसका लागला असता तर?"

दादाने फडक्याची चौकोनी घडी केली, ती पुन्हा उलगडली आणि आत निघून गेला. मी पाव तिथेच बॉनेटवर विसरून आले.

रविवारी मी बेकरीत गेले ते मुद्दामच. चौघं टेबलाशी होते. वहिनीही आल्या होत्या, गळ्याला रुमाल बांधून बाजूच्या खुर्चीवर. आवाज घोगरा का होईना पण आला होता आणि दादा आज गाडी काढेल अशा आशेने त्यांनी चांगली साडी नेसली होती. दादाने चहा ओतला, कप सरकवला आणि बेकरीवाल्यांना म्हणाला, "तुमची गाडी विकू नका. माझ्या गाडीला काहीही झालेलं नाही. मी खोटं बोललो."

डॉक्टर हसायला लागले होते, ते मध्येच थांबले.

"मला कडेचं दिसत नाही. दोन वर्षं झाली. ही बोलायची आणि मी चालवायचो. हिचा आवाज गेला म्हणून गाडीवर आळ घेतला."

भट्टीचं दार उघडंच राहिलं होतं, ते लावायचंही कोणाला सुचलं नाही. मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, की माझ्या दवाखान्यात तुम्ही याच काळात दोनदा आलात, तेही असेच? दादा म्हणाला, असाच. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मास्तर मात्र चिडले. म्हणाले, माझी मुलगी त्याच रस्त्याने सायकलवरून जाते हो. दादा म्हणाला, "माहीत आहे. रोज आठवतं." त्याने खिशातून चावी काढून मास्तरांपुढे ठेवली. म्हणाला, तुमच्या मुलीला नोकरी लागली आहे ना, तिला द्या, पैशांचं नंतर बघू. मास्तरांनी चावी लगेच उचलली नाही. राग जायला वेळ लागतो. पण निघताना घेऊन गेले.

मला वाटलं होतं वहिनींना हायसं वाटेल. घरी पायी येताना त्या आमच्या चार पावलं पुढे चालत होत्या. दारात चप्पल काढतानाच म्हणाल्या, "मला विचारायचं तरी. माझंही होतं ना ते गुपित?"

दादा ओसरीतल्या खुर्चीवर बसला.

"दोन वर्षांत मी एकदा तरी चुकले का?" आवाज फाटत होता, तरी त्या थांबेनात.

"नाही."

"मग?"

"गाडीतून उतरलीस की तू तासभर बोलायची नाहीस," तो म्हणाला. "मला वाटायचं, रागावली असशील. हे महिनाभर गाडी नव्हती तर पडल्या पडल्या झोपत होतीस. मी बघत होतो रोज."

वहिनींनी रुमाल सोडून हातात गुंडाळला आणि त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "दमायचे मी. पण आवडायचं हो मला."

दादा उठला, भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेला आणि त्याने चहाचं आधण ठेवलं. मी निघते असं कोणालाच न सांगता दार ओढून घेतलं.