तीन बॅटऱ्यांचा माणूस

आमच्या कॅमेरावाल्या काकांइतका खोटं बोलण्यात कच्चा माणूस उभ्या वसईत सापडायचा नाही, आणि त्यांच्या एका खोट्यावर मी आज जगतो आहे.

काही वर्षांपूर्वी मी रॉक बँडमध्ये गायचो. गाजत होतो आणि पीतही होतो. एका चॅनेलने माझ्या दौऱ्यावर माहितीपट करायचं ठरवलं आणि महिनाभर माझ्या मागे कॅमेरा घेऊन फिरायला काकांना पाठवलं. काका वसईच्या केळीच्या वाडीत वाढलेले; रॉकमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच कार्यक्रमानंतर म्हणाले, "आवाज चांगला आहे रे तुझा. पण ओरडतोस कशाला? माइक आहे ना!" गाडीत आमच्या ड्रम्सपेक्षा त्यांच्या सुकेळ्यांची पुडकी जास्त. केळी उन्हात वाळवून केलेला हा मेवा काकांच्या मते सर्व रोगांवर चालतो. घसा बसला, सुकेळं. पोट बिघडलं, सुकेळं. गिटारवाल्याचा प्रेमभंग झाला तेव्हा त्याला दोन मिळाली. पण खरं दैवत म्हणजे बॅटरी. कमरेच्या पाऊचमध्ये चार्ज केलेल्या तीन बॅटऱ्या कायम. लॉजवर पोचलं की माणूस आधी पाणी मागतो, काका प्लग शोधायचे. नाशिकला त्यांनी फ्रीजची वायर काढून चार्जर लावला आणि लॉजमालकाचं दूध नासवलं. वर त्यालाच सुनावलं, "लग्नात भटजी उशिरा येईल, पण तीस वर्षांत आपली बॅटरी कधी उतरली नाय!"

नागपूरला मी दुपारीच प्यायलो. कार्यक्रमाला तासभर उरला असताना स्टेजमागे, स्पीकरच्या खोक्यांआड बसून ढसाढसा रडत होतो. मला गाता येत नाही, मला घरी न्या, एवढंच बडबडत होतो. इकडे बोळिंजला घरी आईने माहितीपट बघायला अख्ख्या सोसायटीला आवतण देऊन ठेवलं होतं, आणि माझ्या पिण्याचा तिला पत्ताही नव्हता. दिग्दर्शकबाई धावत आल्या. "काका, घ्या, घ्या! हेच पाहिजे होतं!"

काकांनी कॅमेरा खांद्यावरून खाली ठेवला. "बॅटरी उतरली."

"दुसरी लावा की!"

"त्यापण उतरल्या."

बोलताना त्यांचे कान लालबुंद झाले होते. ते खोटं बाईंना कळलं, तशा अवस्थेत मलाही कळलं. मग काका माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी माझ्या हातात एक सुकेळं ठेवलं. "खा बाबा. मग घरी जाऊ."

माहितीपट लागला. शेवटपर्यंत बघून आई एवढंच म्हणाली, "बारीक झालायस रे." आठवडाभराने मी स्वतःच तिला सगळं सांगितलं आणि उपचारांना गेलो. तिला ते सोसायटीसमोर, टीव्हीवरून कळलं असतं, तर मला घरी तोंड दाखवायची हिंमत झाली नसती. चॅनेलने काकांना पुन्हा काम दिलं नाही, हे मला दुसऱ्यांकडून समजलं. एकदा मी विषय काढलाच. "उतरली होती रे," म्हणाले, आणि कान पुन्हा लाल.

गेल्या महिन्यात मी वसईत गायलो, कितीतरी वर्षांनी शुद्धीत. काका न बोलावता जुना कॅमेरा घेऊन आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे डोळ्यांवर काळा गॉगल. आमच्या सगळ्यांत रॉकस्टार तेच दिसत होते. आताशा त्यांचे हातही थोडे थरथरतात. पण दोन तास त्यांच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा एकदाही विझला नाही. मी त्याच्याकडे बघूनच गात होतो.