थांबलेल्या कामावरचं पाणी

‘आधी करारनामा नोंदवा, मगच पैसे द्या,’ असं कुणाला सांगताना मला बोरिवलीतला एक माणूस आठवतो. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं.

सत्त्याऐंशी साली मी घर शोधत होतो. एका रविवारी अर्धवट इमारतीपाशी पोहोचलो, तर पन्नाशीचा एक गृहस्थ धोतराचा सोगा खोचून सिमेंटच्या खांबांवर बादलीने पाणी मारत होता. प्रत्येक खांबाला तळहात लावून ओल तपासायचा, मग पुढे सरकायचा.

“जागा बघूक इलात? घेव नकात,” तो म्हणाला. “बिल्डर पळालो.”

गिरणीतली नोकरी सुटल्यावर मिळालेला सगळा फंड त्याने इथे भरला होता.

“करारनामा केला होतात?”

“आमच्याच गावचो तो. देवळात नारळावर हात ठेवन बोललो, घर देतंय म्हणान. मगे कागद कसो मागतलंय? देवाक खोटो पाडूचो?”

नोंदणीच्या खर्चाचा हिशेब मी तोंडपाठ करून गेलो होतो. तो बाजूला ठेवून मी खांबांकडे पाहिलं. खांब भरून वर्ष उलटलं होतं, त्यांना आता पाण्याची गरज नव्हती. मी तसं हळूच सांगितलं.

“ठावक आसा,” तो बादली उचलत म्हणाला. “बायको गावाक आसा. घराचा काम चालू आसा म्हणान तिका कळवलंय. रविवारी येवन पाणी मारलंय, की तेवढा तरी खोटा होणा नाय.”