आईला अवघडतं म्हणजे नक्की काय होतं?

रविवारी मावशी जळगावहून आली म्हणून आम्ही तिघी राम घाटावर गेलो. मी आणि मावशी पायरीवर टेकलो. आई उभीच.

"बस की गं," मावशी म्हणाली.

"नको, अवघडतं मला."

मी सवयीने म्हटलं, "अगं आई, इथे कोण बघतंय तुला?"

मावशी हसायलाच लागली. "बघायचं काय त्यात? बसलं की दुखतं म्हणतेय ती! उज्जैनची पोरगी ती उज्जैनचीच."

मला हसू आलं नाही... दवाखान्यातला एक दिवस आठवला.

माझं मराठी सगळं घरातलं. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी. पाहुणे आले की आजोबा म्हणायचे, "अवघडू नका, घर आपलंच आहे." त्यामुळे अवघडणं म्हणजे संकोच, एवढंच मला ठाऊक.

आठ वर्षांपूर्वी आईचं अंग खाली आलं होतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकलं होतं. ऑपरेशन करून आत आधाराला जाळी बसवली. नंतरच्या तपासणीला मी बरोबर होते, अकरावीत.

आई भाजीवाल्याशी हिंदीत भांडते, पण शरीराचा विषय निघाला की तिची हिंदी संपते. पडद्याआड साडी नीट करताना ती मला म्हणाली, "सांग त्यांना, बसताना अवघडतं." मी बाहेर येऊन डॉक्टर मॅडमना सांगितलं, "इन्हें बैठने में शर्म आती है."

"अरे आंटी, इसमें कैसी शर्म!" मॅडम हसल्या आणि फाइल मिटली.

घाटावरून आल्या आल्या मी ती फाइल काढली. त्या दिवसाच्या कागदावर लिहिलंय... नो कम्प्लेंट्स.

मग इंटरनेटवर वाचत बसले, आणि जास्तच गोंधळले. बाहेरच्या देशांत अशा जाळीमुळे त्रास झालेल्या कितीतरी बायकांनी कंपन्यांवर दावे केलेत. काही ठिकाणी ही ऑपरेशनं थांबवलीसुद्धा. आणि तिथेच खाली लिहिलेलं, पुष्कळ जणींना काहीच होत नाही. आई यातली कुठली? आमच्या कागदावर नुसतं 'मेश' आहे, कंपनीचं नावसुद्धा नाही.

नानाखेड्याला राहणारा माझा आतेभाऊ वकील आहे. तो म्हणाला, "दाव्याचं नंतर बघू. आधी तपासणी कर, हॉस्पिटलकडून ऑपरेशनची नोंद माग. आणि त्रास तेव्हाच सांगितला होता, असा एखादा कागद आहे का?"

कागद आहे ना दादा... माझ्यामुळेच तो उलटा बोलतोय. तरी जे घडलं ते जसंच्या तसं लिहून त्याला दिलं. दाव्याला त्याचा फायदा होईल की तोटा, मला खरंच कळत नाही.

आईला सांगताना रडायलाच आलं. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तू सांगितलंस, आणि मी लाजले म्हणून त्या हसल्या. दुखण्यावर काही बोलल्या नाहीत. म्हणजे जाळी असली की असं होतच असणार." आठ वर्षं ती हेच धरून उभी राहिली...

काल दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने माझा हात दाबला. "तू थांब." मग त्यांच्याकडे वळून, एकेक शब्द जुळवत, "मैडम, बैठने पर अंदर चुभता है. आठ साल से."

डॉक्टरांनी ते तसंच्या तसं लिहिलं. मी दोनदा वाचून पाहिलं.

आतून तपासून त्यांनी सोनोग्राफी सांगितली आहे. त्रास जाळीचाच आहे का, अजून कळलेलं नाही. दावा होईल का, तेही नाही.

येताना ऑटोत आई म्हणाली, "जरा सरक गं, अवघडतंय."

मी सरकले. आणि आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे नक्की कसं होतं, आई?"

घर येईपर्यंत ती सांगत होती... मराठीत.